लहान मुलांना रंगीत निसर्गचित्र शिकवताना: आधी रंग, मग आकार, पेन्सिल सगळ्यात शेवटी

लहान मुलांना "निसर्गचित्र काढा" म्हटलं की पाच मिनिटांत काय समोर येणार ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे. दोन त्रिकोणी डोंगर, मधून डोकावणारा अर्धा सूर्य, तिथूनच खाली आलेली नदी, एक झोपडी आणि वरती चार व्ही आकाराचे पक्षी. यात पोरांची काहीच चूक नाहीये, कुणीतरी मोठ्या माणसाने कधीतरी फळ्यावर हेच काढून दाखवलेलं असतं. सुरुवातीला मी पण तेच करायचे, फळ्यावर मन लावून चित्र काढायचे आणि तास संपला की टेबलावर तीसेक सारखीच चित्रं, मागची नावं बघितल्याशिवाय कुठलं कुणाचं ते कळायचं नाही. एकदा ती सगळी शेजारी शेजारी वाळत घातली तेव्हा फार वाईट वाटलं, कारण त्यातल्या प्रत्येक पोराने येताना वाटेत काहीतरी वेगळं बघितलेलं असणार आणि त्यातलं काहीच कागदावर उतरलं नव्हतं.

म्हणून आता मी फळ्यावर तयार चित्र काढतच नाही. मुलांना बघायला शिकवते, रंग मिसळायला शिकवते आणि आकार त्या रंगातूनच येऊ देते. खालचं सगळं साधारण 5 ते 9 वर्षांच्या मुलांसाठी आहे, एका निसर्गचित्राला मी 40-45 मिनिटांचे तीन तास देते, एका तासात उरकायचं म्हटलं की ओल्यावर ओलं लागतं आणि सगळं मातकट होतं.

आधी सामानाचं बोलू. कागद जाड हवा, निदान 200 जीएसएमचा. पातळ ड्रॉइंग शीट पाण्याने फुगते, वर येते, रंग खळग्यात साचतो आणि पोराला वाटतं आपल्यालाच जमत नाहीये. साइज ए3 घ्या, लहान मुलं अख्ख्या हाताने रंगवतात, ए4 वर त्यांचा हात अडखळतो. कागदाच्या चारी कडा मास्किंग टेपने बोर्डाला किंवा टेबलाला चिकटवल्या की कागद सरकत नाही, शिवाय शेवटी टेप काढल्यावर जी स्वच्छ पांढरी चौकट निघते ना, ती बघून पोरांचे चेहरे खुलतात, तेवढ्यासाठी तरी टेप लावाच. काढताना मात्र चित्र पूर्ण वाळलेलं असू दे आणि टेप हळूहळू, बाहेरच्या बाजूला ओढा, नाहीतर कागदाची साल निघते.

ब्रश दोनच पुरतात, एक इंची चपटा आणि 8 किंवा 10 नंबरचा गोल. बारीक ब्रश देऊच नका, बारीक ब्रश हातात आला की मूल लगेच झोपडीच्या खिडकीचे गज काढायला बसतं आणि अख्खं आकाश कोरं राहतं. पाण्याची दोन भांडी, एकात ब्रश धुवायचा आणि दुसऱ्यातलं स्वच्छ पाणी रंगात घालायला, आणि ब्रश टिपायला जुनं सुती फडकं. हे फडकं सगळ्यात दुर्लक्षित पण फार कामाचं आहे, अर्धे बिघडलेले रंग न टिपलेल्या ब्रशमुळे बिघडतात. "धुवा, टिपा, मग रंग" हे मी पहिल्या तासाला पाच-सहा वेळा तरी म्हणते, नंतर पोरंच एकमेकांना सांगायला लागतात.

रंग पोस्टर कलर घ्या. जलरंग सुंदर असतात पण त्यात फिकट जागा आधीपासून राखून ठेवावी लागते, चूक झाली तर झाकता येत नाही, सहा वर्षांच्या मुलाला ते जड जातं. पोस्टर कलर वाळला की त्यावर दुसरा थर देता येतो. डब्यावर नॉन-टॉक्सिक लिहिलंय का ते बघा, आणि तरीही ब्रशला टोक करायला तो तोंडात घालायचा नाही हे पहिल्याच दिवशी सांगा, कारण बरीच मुलं घालतात.

प्रत्येकाच्या पॅलेटमध्ये मी चारच रंग देते: लेमन यलो, लाल, निळा आणि पांढरा. तयार हिरवा नाही, तयार जांभळा नाही, काळा तर मुळीच नाही. तयार हिरवा दिला की झाडं, गवत, डोंगर सगळं एकाच हिरव्यात रंगतं आणि मिसळायचं कारणच उरत नाही. काळा दिला की प्रत्येक गोष्टीभोवती काळी रेघ आलीच म्हणून समजा.

आता रंगांबद्दल एक गोष्ट शिकवणाऱ्याला माहीत असायलाच हवी. सगळे निळे सारखे नसतात आणि सगळे लालही. अल्ट्रामरीन निळा किंचित लालाकडे झुकलेला असतो, तो पिवळ्यात घातला की मळकट, शेवाळी हिरवा येतो. पोपटी, टवटवीत हिरवा हवा असेल तर लेमन यलोसोबत हिरवटपणाकडे झुकणारा निळा लागतो, जसा सेरुलियन किंवा थॅलो ब्लू. तसंच शेंदरी लाल आणि निळा मिसळून जांभळा निघत नाही, तपकिरीकडे जातो, जांभळ्यासाठी क्रिमसन किंवा गुलाबीकडचा लाल हवा. किती मुलं "मला जांभळा येतच नाही" म्हणून हिरमुसतात आणि दोष असतो डब्यातल्या लालाचा! जमलं तर दोन निळे आणि दोन लाल ठेवा, आणि कुठून काय बनतं ते मुलांनाच शोधू द्या.

पहिला तास: बघणं आणि मिसळणं. चित्र नाही. हो, पहिल्या तासाला चित्र काढायचंच नाही, आणि याबद्दल तक्रार होते, होऊ दे.

बाहेर न्या, किंवा जिथून थोडं लांबवर दिसतं अशा खिडकीशी उभं करा. जाड पुठ्ठ्याला मध्ये पत्त्याएवढा चौकोन कापून प्रत्येकाला द्या आणि एक डोळा मिटून त्यातून बघायला सांगा. अख्खं जग एकदम बघितलं की काय काढायचं तेच कळत नाही, त्या चौकोनात मात्र फक्त थोडं आकाश, एक झाड, एक भिंत एवढंच येतं. मग एक प्रयोग. जवळच्या झाडाचं एक गळलेलं पान हातात धरायचं, हात लांब करायचा आणि ते पान बरोबर लांबच्या झाडाशेजारी दिसेल असं पकडायचं. आता विचारा, दोन्ही हिरवे सारखे आहेत का?

हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारला तेव्हा सगळे एका सुरात "हो" म्हणाले. पान वर धरून बघायला लावल्यावर थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही, आणि मग मागच्या एका छोट्या मुलीचा आवाज आला, "लांबचं झाड निळं आहे." खरंच होतं. त्याच्या आधी तिने ते झाड कितीतरी वेळा बघितलं असेल, पण झाड हिरवंच असतं हे माहीत असल्यामुळे तिला ते हिरवंच दिसत होतं. निसर्गचित्र शिकवणं म्हणजे माझ्या मते एवढंच, जे माहीत आहे ते क्षणभर बाजूला ठेवून जे दिसतंय ते बघायला लावणं.

का निळं, हे पण सांगा, मुलांना कारणं आवडतात. आपल्या आणि त्या झाडाच्या मध्ये हवा असते, जितकं लांब तितकी जास्त हवा, आणि हवा सूर्यप्रकाशातला निळा रंग सगळीकडे उधळते, म्हणून लांबच्या वस्तूवर निळसर फिका पडदा चढतो. आकाशाचंही बघायला सांगा, डोक्यावर गडद निळं आणि खाली क्षितिजापाशी जवळजवळ पांढरं. संध्याकाळी सूर्य खाली असतो, उजेडाला खूप जास्त हवेतून यावं लागतं, वाटेत निळा उधळून संपतो आणि आपल्यापर्यंत केशरी-लाल पोचतो. सात वर्षांच्या मुलाला एवढं नीट कळतं.

मग वर्गात येऊन उरलेला वेळ फक्त हिरवा बनवायचा. आधी पिवळा घ्यायचा, भरपूर, आणि त्यात निळा ब्रशच्या टोकावर येईल एवढाच. उलटं केलं, म्हणजे निळ्यात पिवळा घालत बसलं, तर अर्धी बाटली पिवळा संपतो तरी निळाच राहतो, कारण निळा फार जोरकस असतो. प्रत्येक वेळी झालेल्या रंगाचा एक ठिपका कागदावर द्यायचा. निळा वाढवत न्यायचा, मग पांढरा घालून बघायचा, मग लालाचा अगदी एक थेंब. लाल हिरव्याच्या विरुद्ध असतो, त्याच्या एका थेंबाने भडक हिरवा शांत होतो, खऱ्या झाडासारखा दिसतो, आणि जास्त पडला की मातीचा रंग होतो. तास संपेपर्यंत प्रत्येकाकडे पंधरा-वीस वेगवेगळे हिरवे झालेले असतात आणि मुलं त्यांना नावं देतात, "पावसातला", "सावलीतला", "बेडकाचा". ही नावं त्या ठिपक्यांखाली लिहायला लावा, पुढच्या तासाला "तिथे तुझा बेडकाचा हिरवा लाव" असं म्हटलं की त्याला बरोबर कळतं.

दुसरा तास: आकाश आणि लांबचं सगळं. इथे पण पेन्सिल नाही.

लहान मुलं आकाश म्हणजे कागदाच्या वरच्या कडेला एक निळी पट्टी काढतात, खाली जमिनीची हिरवी पट्टी आणि मध्ये सगळं कोरं. ही चूक समजू नका. व्हिक्टर लोवेनफेल्ड नावाच्या कलाशिक्षणाच्या अभ्यासकाने 1947 साली मुलांच्या चित्रांच्या वाढीचे टप्पे मांडले, त्यात साधारण 7 ते 9 वयाला मुलं सगळ्या वस्तू एका आधाररेषेवर उभ्या करतात आणि आकाश वर ठेवतात हे त्यांनी नोंदवलंय. मुलाच्या दृष्टीने ते अगदी बरोबर आहे, आकाश वर असतं, जमीन खाली असते आणि मध्ये हवा. त्यामुळे "चुकलं" म्हणायचं नाही. मी खिडकीशी नेते आणि विचारते, "आकाश खाली कुठपर्यंत येतंय, बोटाने दाखव." मूल बोट खाली खाली आणतं आणि झाडांच्या शेंड्यांपाशी थांबतं. कुणाला त्याच दिवशी पटतं, कुणाला वर्षभराने, पाच वर्षांच्या मुलावर तर मुळीच जबरदस्ती करू नका, त्याची निळी पट्टी राहू दे.

आकाशासाठी चपटा ब्रश. आधी कागदाचा वरचा दोन तृतीयांश भाग नुसत्या पाण्याने ओला करायचा, चकाकेल इतपतच, थारोळं नको. मग वरून निळ्याने आडवे पट्टे मारत खाली यायचं आणि प्रत्येक पट्ट्याला ब्रशमध्ये थोडा पांढरा वाढवायचा, की खाली येईपर्यंत आपोआप फिकं होतं. संध्याकाळ हवी असेल तर खालून पिवळा, त्यावर केशरी, त्यावर गुलाबी, आणि सगळ्यात वर निळा. पिवळा आणि निळा एकमेकांना भिडू द्यायचे नाहीत, नाहीतर आकाशात हिरवा पट्टा येतो, मध्ये गुलाबी किंवा पांढरा ठेवला की प्रश्न मिटतो. ढग हवेत तर ओलं असतानाच कोरड्या कापसाने किंवा टिशूने टिपून रंग उचलायचा. ही जादू पोरांना इतकी आवडते की आकाशभर टिपत सुटतात, म्हणून टिशूचा एकच तुकडा हातात द्या.

लांबच्या डोंगरांसाठी माझी आवडती युक्ती फाटक्या कागदाची. रद्दी कागदाची पट्टी हाताने लांबट फाडायची, कात्री नाही, फाटलेली कड जशी वरखाली होते तशीच डोंगराची कड होते आणि प्रत्येकाची वेगळी होते. आकाश वाळलं की ही पट्टी कागदावर अशी धरायची की फाटलेली कड खालच्या बाजूला येईल, आणि स्पंजने तिच्या कडेवरून खाली थोपटत रंग लावायचा. पट्टी उचलली की डोंगराची कड तयार. मग पट्टी थोडी खाली सरकवायची, उलटी फिरवायची आणि पुढचा डोंगर.

रंग एकाच वाटीत. पहिल्या, सगळ्यात लांबच्या डोंगराला भरपूर पांढऱ्यात थोडासा निळा आणि लालाचा टिपका, फिका जांभळट. तो झाला की त्याच वाटीत थोडा निळा वाढवा आणि दुसरा डोंगर. मग थोडा हिरवा घाला, तिसरा. चौथ्याला पिवळा वाढवून उबदार हिरवा. चार थर झाले की कागदात अशी खोली दिसते की मुलं स्वतःच "अगं बापरे" म्हणतात, आणि पर्स्पेक्टिव्ह (म्हणजे चित्रात जवळ-लांब दाखवणं) हा शब्द एकदाही वापरावा लागलेला नसतो. निळसर फिके रंग मागे जातात, पिवळे-लाल पुढे येतात, हे त्यांच्या हाताने केलेलं असतं म्हणून विसरत नाहीत.

इथे थांबायचं. वाळू द्या. "मला झाड काढायचंय" चा गजर होईल, पण ओल्या डोंगरावर झाड काढलं की दोन्ही जातात.

तिसऱ्या तासाला सुरुवातीची दहा मिनिटं मी चित्रं दाखवते. मोने या फ्रेंच चित्रकाराने 1890-91 मध्ये शेतातल्या गंजींची पंचवीसेक चित्रं केली, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ऋतूत. तीन-चार शेजारी ठेवायची आणि विचारायचं, सकाळ कुठली, थंडी कुठल्यात जास्त? पोरं फटाफट सांगतात आणि मग त्यांच्या लक्षात येतं की गंजीची सावली चक्क निळी-जांभळी आहे. आणि 1905 साली मातीस आणि देरां या फ्रेंच चित्रकारांनी झाडं लाल आणि जमीन गुलाबी रंगवली तेव्हा एका समीक्षकाने त्यांना "रानटी जनावरं" म्हटलं, हे सांगितलं की वर्ग खूश होतो आणि ज्याला केशरी झाड काढायचं असतं त्याला धीर येतो. ही चित्रं फक्त बघण्यासाठी, नक्कल करायला अजिबात लावू नका, दाखवून झाली की झाकून ठेवा.

आता जवळच्या गोष्टी, त्या खाली, मोठ्या आणि चटकदार रंगात. ब्रशपेक्षा इतर वस्तू जास्त मजा आणतात. पुठ्ठ्याच्या तुकड्याची कड रंगात बुडवून उभी टेकवली की झाडाचं खोड किंवा कुंपण, तीच कड भराभर टेकवली की गवत. स्पंजने पानं, पण तीन हिरव्यांनी, आधी गडद, मग मधला आणि शेवटी उजेडाच्या बाजूला पिवळसर, आणि मध्ये मध्ये आकाश दिसायला भोकं राहू द्यायची, खऱ्या झाडात ती असतात. कानकाडीने फुलं. फुलं सगळ्यात शेवटी आणि मोजकीच, लांबची ठिपक्याएवढी आणि जवळची मोठी. खोडाला तपकिरी मागितला की मी "खोड बघून ये" म्हणते, बहुतेक वेळा मूल परत येऊन राखाडी, नाहीतर जांभळा, नाहीतर हिरवट म्हणतं. गडद रंग हवा असेल तर निळ्यात लाल आणि थोडा पिवळा, काळ्यापेक्षा कितीतरी जिवंत दिसतो.

मातकट रंग होणारच. एका रंगात तीनपेक्षा जास्त रंग गेले की चिखल होतो, हा नियम मुलांना सांगा, पण झालेला चिखल फेकू नका, एका वाटीत साठवा, मातीला, वाटेला, दगडाला तोच लागतो.

बोलण्याबद्दल थोडं, कारण इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. मुलाच्या हातातला ब्रश घेऊन "बघ, असं" करत त्याच्या कागदावर कधीही रंग लावू नका, एकदाही नाही. दाखवायचं असेल तर शेजारी स्वतःचा वेगळा कागद ठेवा आणि त्यावर दाखवा. मुलाच्या चित्रावर आपला एक सुंदर फटकारा पडला की त्याला बाकीचं स्वतःचं काम कमी वाटायला लागतं, मी हे होताना बघितलंय, ते मूल त्यानंतर प्रत्येक वेळी कागद घेऊन येतं आणि म्हणतं, "तुम्हीच करा ना." नुसतं "छान" पण म्हणू नका, त्यातून काहीच कळत नाही. "हा डोंगर मागे गेलाय, काय घातलंस त्यात?" असं विचारा. म्हणजे त्याला काय जमलं ते पण कळतं आणि कसं जमलं ते आठवून सांगावं पण लागतं. "हे काय आहे?" हा प्रश्न तर टाळाच, त्याऐवजी "मला या चित्रातून फिरवून आण" म्हणा, पोरं पाच मिनिटं बोलत राहतात.

कुणी लवकर संपवलं तर? चित्राला दोन हात लांब ठेवून, डोळे किलकिले करून बघायला सांगा, कुठे जास्त उजेड आहे, कुठे सगळं एकसारखं झालंय. बहुतेक वेळा मूल स्वतःच एक जागा शोधतं. नाही शोधली तर चित्र झालंय, काढून घ्या, जास्त वेळ समोर राहिलं तर त्यावर पाऊस पडतो आणि मग रात्र होते.

आवरायला शेवटची दहा मिनिटं राखून ठेवाच. ब्रश पाण्याच्या भांड्यात केस खाली करून सोडायचे नाहीत, केस वाकतात ते परत सरळ होत नाहीत, धुवून, बोटाने टोक करून आडवे ठेवायचे. चित्राच्या मागे नाव आणि तारीख पेन्सिलने, पेन्सिल लागते ती इथेच. आणि पॅलेटमध्ये उरलेला रंग धुवून टाकण्याआधी चपट्या ब्रशने एका कोऱ्या कागदावर आडवा फासून ठेवायचा, प्रत्येकाने आपापल्या. पुढच्या वेळी ते वाळलेले रंगीत कागद फाडून त्याचेच डोंगर चिकटवता येतात.